चित्राला भाषा नसते, या मताचे खंडन

जाहिरातीच्या धंद्यात एक मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाच्या मनात येत नाही. मत असे: चित्राला भाषा नसते, ते सर्वांना सारखेच कळते. शब्द मात्र आपापल्या भाषेच्या कुंपणात अडकलेला असतो. म्हणून जिथे अनेक भाषा बोलणारे लोक एकत्र राहतात, तिथे छापील जाहिरातीत चित्र मोठे असावे आणि शब्द जितके कमी तितके बरे. या मताला कतारइतकी अनुकूल भूमी क्वचितच सापडेल. म्हणून त्याची परीक्षाही तिथेच घ्यावी. तिथे ते टिकले तर सर्वत्र टिकेल. तिथेच ते ढासळत असेल, तर मुंबईतल्या नि पुण्यातल्या एजन्स्यांनीही ते सोडून द्यावे, असे मला वाटते.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो नीट मांडतो. कतारची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आहे आणि त्यांत कतारी नागरिक साधारण दहांत एक. बाकीचे भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपिन्स, इजिप्त अशा देशांतून कामासाठी आलेले. राजभाषा अरबी, कचेऱ्यांतला बराच व्यवहार इंग्रजीत, बाजारात आणि बांधकामावर हिंदी-उर्दूची सरमिसळ, आणि भारतीयांत मल्याळम बोलणारे सर्वांत जास्त. दोह्यात ‘अर-राया’ (१९७९) अरबीत निघतो, ‘गल्फ टाइम्स’ (१९७८) आणि ‘द पेनिन्सुला’ (१९९६) इंग्रजीत, आणि मल्याळम वाचकांसाठी ‘गल्फ माध्यमम्’. एवढ्या भाषांत जाहिरात लिहायची म्हटली की खर्च, वेळ आणि चुकांची शक्यता, तिन्ही वाढतात. शिवाय चित्र शब्दापेक्षा जास्त काळ लक्षात राहते, याला मानसशास्त्रातल्या प्रयोगांचा आधार आहे. मग जाहिरातदाराने चित्रावर भिस्त ठेवली, तर त्याचे चुकते कुठे?

चुकते ते गृहीतकात. एक चित्र हजार शब्दांच्या तोडीचे असते, हे वाक्य आपण प्राचीन शहाणपण म्हणून ऐकत आलो. आज ते ज्या रूपात फिरते, त्याचा उगम जाहिरातीतच आहे. फ्रेड बर्नार्ड हा अमेरिकन जाहिरातदार ट्रामगाड्यांतली जाहिरातीची जागा विकत असे. डिसेंबर १९२१ मध्ये ‘प्रिंटर्स इंक’ या धंद्याच्या नियतकालिकात त्याने एका दृष्टिक्षेपाला हजार शब्दांचे मोल दिले. मार्च १९२७ मध्ये त्याच नियतकालिकात दृष्टिक्षेपाच्या जागी चित्र आले, हजाराचे दहा हजार झाले, आणि ही चिनी म्हण असल्याचा दावाही सोबत आला. म्हणजे चित्राची महती पटवण्यासाठी बर्नार्डला वाक्य लिहावे लागले, आणि त्या वाक्याला वजन यावे म्हणून परक्या भाषेची साक्ष काढावी लागली. नुसते चित्र छापून त्याचे काम भागले नाही.

आता प्रयोगांकडे येऊ, कारण प्रतिपक्षाचा खरा आधार तिथे आहे. चित्रे शब्दांपेक्षा चांगली आठवतात, हा निष्कर्ष खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण का आठवतात? याचे सर्वांत गाजलेले उत्तर अ‍ॅलन पायव्हिओ या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने १९७१ च्या ग्रंथात सविस्तर दिले. त्याच्या मते ओळखीचे चित्र पाहताच माणूस मनात त्याचे नाव घेतो. ते चित्र स्मृतीत दोनदा नोंदले जाते, एकदा प्रतिमा म्हणून आणि एकदा शब्द म्हणून. नुसता शब्द बहुतेक वेळा एकदाच नोंदला जातो. हे स्पष्टीकरण मान्य केले तर चित्राचे स्मृतीतले बळ काही अंशी शब्दाकडूनच आलेले ठरते. ज्या पुराव्याने शब्द हटवायचा, तोच पुरावा शब्दाच्या बाजूने उभा राहतो.

त्याहून जुना एक प्रयोग मला या बाबतीत निर्णायक वाटतो. १९३२ साली कारमायकेल, होगन आणि वॉल्टर या संशोधकांनी काही साध्या रेखाकृती लोकांना दाखवल्या. त्यांतली एक म्हणजे दोन वर्तुळे आणि त्यांना जोडणारी रेघ. काहींना सांगितले की हा चष्मा आहे, काहींना सांगितले की हे डंबेल आहे. नंतर आठवून काढायला लावले तेव्हा पहिल्या गटाची आकृती चष्म्याकडे झुकली, दुसऱ्याची डंबेलकडे. शब्दाने चित्राचा अर्थ तर ठरवलाच, शिवाय आठवणीतली रेघही वाकवली. चित्र सर्वांना सारखेच कळते, असे यानंतरही म्हणायचे असेल तर आधी या दोन गटांची समजूत घालावी लागेल.

पण प्रयोगशाळा बाजूला ठेवू आणि दोह्यातल्या छापील पानाकडे पाहू. आखातातल्या जाहिरातींविषयी एक गोष्ट धंद्यातले लोक आवडीने सांगतात. तीन चित्रांची रांग: मळके कपडे, मग साबणाची पूड, मग स्वच्छ कपडे. अरबी वाचकाने उजवीकडून सुरुवात केली आणि त्याला दिसले की स्वच्छ कपडे पुडीत घातले की मळतात. ही गोष्ट कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, हे कोणी सांगत नाही, म्हणून मी ती पुरावा म्हणून घेत नाही. मात्र जे लोक ती सांगतात, तेच पुढच्या श्वासात चित्राला भाषा नसते म्हणतात. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. चित्रांचा क्रम जर लिपीच्या दिशेने वाचला जात असेल, तर त्या तिन्ही चित्रांवर एकही अक्षर नसले तरी ती डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या लिपीत ‘लिहिलेली’ आहेत.

हे एका गोष्टीपुरते नाही. अरबी वर्तमानपत्राची बांधणी उजवीकडे असते. इंग्रजी किंवा मराठी अंकाचे जे शेवटचे पान, तिथे त्याचे पहिले पान येते. द्विभाषी मासिकांत बऱ्याचदा इंग्रजी डावीकडून सुरू होते, अरबी उजवीकडून, आणि दोन्ही मजकूर मध्ये कुठेतरी भेटतात. नजर पानात जिथून शिरते ती बाजू बदलली की चित्रातल्या माणसाने कोणत्या दिशेला पाहावे, वस्तू कुठे ठेवावी, मथळा कुठे सुरू व्हावा, हे सारे बदलते. मग इंग्रजीसाठी तयार केलेली जाहिरात अरबीत नेताना सोपा उपाय म्हणून छायाचित्र आरशासारखे उलटवले जाते. इथे चित्राच्या निर्भाषपणाची खरी कसोटी लागते. घड्याळाची चावी उजवीकडून डावीकडे जाते आणि तबकडीवरचे आकडे उलटे होतात. पुरुषाच्या सदऱ्याची बटणपट्टी बायकांच्या कपड्यासारखी दिसते. कतारमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि गाडीचे चाक डावीकडे असते. उलटलेल्या छायाचित्रातल्या गाडीचे चाक उजवीकडे जाते. आणि रमजानच्या जाहिरातीत इफ्तारला बसलेले कुटुंब खजूर डाव्या हाताने तोंडात घालताना दिसते. डाव्या हाताने खाणे अरबांना किती खटकते हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. कलाकाराने एकही शब्द लिहिला नव्हता. तरी लिपी बदलली आणि चित्र बिघडले.

दुसरी कसोटी वेगळ्या प्रकारची आहे. चित्र जर स्वतः बोलत असेल, तर तेच चित्र दहा जाहिरातींत आले तर दहाही जाहिरातींचा अर्थ एकच व्हायला हवा. १८ डिसेंबर हा कतारचा राष्ट्रीय दिन. १८७८ साली शेख जासिम बिन मुहम्मद अल-थानी सत्तेवर आले, त्याची ही आठवण. त्या दिवशीच्या दैनिकांत पानोपानी अभिनंदनाच्या जाहिराती असतात. बँका, बांधकाम कंपन्या, मोटारींचे विक्रेते, रुग्णालये, सगळ्यांच्या जाहिरातींत तेच अमीर, तोच नऊ टोकांचा मरून-पांढरा ध्वज, त्याच दोह्याच्या उंच इमारती. चित्र जवळजवळ स्थिर आहे, आणि बदलते ते शब्द: अभिनंदन कोण करतो, कोणाला संबोधून करतो, अरबी मजकूर किती आदबशीर, इंग्रजी मजकूर किती त्रोटक, कंपनीचे नाव कोणत्या भाषेत मोठे. अरबी जाणणारा वाचक एवढ्यावरून बरेच काही ताडतो. रमजानमध्ये हेच पुन्हा घडते: चंद्रकोर, फानूस, खजुराची ताटली, दल्ला नावाची चोच असलेली कॉफीची किटली. ही चित्रे सर्वांना कळतात हे खरे. सर्वांना कळतात म्हणूनच ती कोणा एकाची राहत नाहीत. जाहिरातदाराला हवे असते नेमके वेगळेपण, आणि ‘सर्वांना कळणारे’ चित्र ते त्याला देऊ शकत नाही.

आता कतारच्या अलीकडच्या इतिहासातले सर्वांत प्रभावी छापील चित्र घेऊ. ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. जमिनीची एकुलती एक सीमा बंद झाली, आकाशमार्ग अडवले गेले. ही कोंडी जानेवारी २०२१ पर्यंत चालली. त्या पहिल्या दिवसांत अहमद अल-मआदीद या कतारी कलाकाराने अमीर शेख तमीम यांचे काळ्या-पांढऱ्या ठाशीव छटांतले चित्र काढले आणि त्याखाली अरबी सुलेखनात दोन शब्द लिहिले: ‘तमीम अल-मज्द’, वैभवशाली तमीम. काही दिवसांत ते गाड्यांच्या काचांवर, दुकानांत, वर्तमानपत्रांत, मोबाइलच्या आवरणांवर आणि उंच इमारतींच्या दर्शनी भागांवर दिसू लागले.

प्रतिपक्ष म्हणेल, पाहा, हे चित्राचे सामर्थ्य. मी विचारतो, अमीरांचे चित्र दोह्यात त्याआधी नव्हते का? २०१३ साली ते गादीवर आले तेव्हापासून त्यांची अधिकृत छायाचित्रे कचेऱ्यांत आणि दुकानांत टांगलेली होती. ती प्रतिमा राज्यकर्ता कोण एवढेच सांगत होती. नव्या चित्रात चेहरा तोच होता, नवे होते ते रेषेचे वळण आणि त्या दोन शब्दांचा घोष, आणि दोहोंची अशी गाठ की एक पाहिले की दुसरे कानात वाजावे. सुलेखनाची जाड-बारीक रेघ चेहऱ्यावरच्या सावल्यांच्या जातीची होती. शब्द चित्रासारखे काढलेले आणि चित्र शब्दासारखे ठसठशीत. त्यानंतर जे घडले ते मला सर्वांत बोलके वाटते. शहरात हे चित्र मोठ्या फलकांवर लावले गेले आणि लोकांनी त्या फलकांवर आपल्या हाताने लिहिले. अरबीत लिहिले, इंग्रजीत लिहिले, परदेशी रहिवाशांनी आपापल्या भाषांत लिहिले. चित्र पाहून लोकांचे मन भरले असते, तर पेन घेऊन रांगेत उभे राहण्याचे कारण नव्हते.

त्याच कोंडीतले एक साधे उदाहरण दुधाचे. कतारमधले दूध-दही मुख्यतः सौदीतून येत असे. सीमा बंद झाल्यावर जून २०१७ मध्येच तुर्कस्तानातून विमानाने दुग्धपदार्थ आले, आणि जुलैपासून ‘बलदना’ या कतारी कंपनीने परदेशातून विमानाने गाई आणायला सुरुवात केली. दुकानातल्या फळीसमोर उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाला गाईचे, हिरव्या कुरणाचे किंवा पांढऱ्या पेल्याचे चित्र काय सांगणार? पांढरा पेला दुधालाही लागू, लबन नावाच्या ताकालाही लागू, तुर्की आयरानलाही लागू. आणि दूध कोणत्या देशाचे, हा त्या महिन्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणत्याही पेल्याच्या चित्राने सुटत नव्हता. तो वेष्टनावरच्या अक्षरांनी सुटत होता.

कतारमध्ये झालेल्या फुटबॉल विश्वचषकाच्या अधिकृत भित्तिपत्रकाविषयी थोडक्यात सांगतो. बुथैना अल-मुफ्ताह या कतारी कलावतीने केलेली ही चित्रमाला जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. मुख्य चित्रात आनंदाच्या भरात हवेत उडवलेला गुत्रा आणि अगाल आहे, म्हणजे अरब पुरुषांचे डोक्यावरचे वस्त्र आणि ते आवळणारी काळी वळी. कतारी प्रेक्षकाला ती जल्लोषाची खूण लगेच कळते. ज्याने ते वस्त्र कधी जवळून पाहिलेले नाही, त्याला हवेत फिरणारे कापड दिसते, आणि त्याचा अर्थ त्याला कोणीतरी शब्दांत सांगावा लागतो. हा दोष कलावतीचा नाही. तिने आपल्या लोकांचे चित्र काढले, आणि तसेच काढायला हवे होते.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचे काय? आखातात बांधकामावर असे कामगार आहेत, आणि त्यांच्यासाठी चित्रच बरे, असे कळकळीने म्हणणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. पण याच कामगारांच्या जिवाशी संबंध असलेले छापील कागद कसे असतात ते पाहा. कतारमध्ये २०२१ च्या मंत्रालयीन निर्णयाने १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी ३.३० पर्यंत उघड्यावर काम करायला बंदी घातली. उन्हाच्या झळेची सूचना देणाऱ्या फलकावर सूर्य आणि पाण्याची बाटली काढता येते. ‘पाणी प्या’ इतके त्यातून कळेल. पण या वेळेत काम लावणे बेकायदा आहे, नकार देण्याचा तुला हक्क आहे, तक्रार अमुक ठिकाणी कर, हे कोणत्या चित्रातून कळणार? चित्राने ‘ऊन’ दाखवता येते, ‘बंदी’ काही प्रमाणात दाखवता येते, ‘हक्क’ दाखवता येत नाही. म्हणून असा मजकूर हिंदी, नेपाळी, बंगाली, मल्याळम, तमिळ अशा भाषांत लागतो, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला सोबतचा वाचून दाखवतो. वाचता न येणारा माणूस भाषेबाहेर नसतो. त्याला लिपी येत नाही, भाषा पुरेपूर येते. फक्त चित्र देऊन आपण त्याच्यावर उपकार करत नाही. त्याला अर्धाच निरोप पोचतो.

इथवर खंडन झाले. पण याचा अर्थ शब्द श्रेष्ठ आणि चित्र त्याची दासी, असा कोणी काढला तर तेही मला मान्य नाही. रोलां बार्थ या फ्रेंच विचारवंताने १९६४ साली पान्झानी या कंपनीच्या शेवयांच्या जाहिरातीवर लिहिलेला निबंध या विषयात पायाचा मानला जातो. चित्राला अनेक अर्थ असतात आणि शब्द त्यांतला एक पक्का करतो, हे त्याने दाखवले. हे खरे आहे, पण अपुरे आहे, कारण चित्रही शब्दाला तसेच पक्के करते. फोक्सवॅगनची १९६० ची अमेरिकेतली जाहिरात घ्या. वर गाडीचे स्वच्छ छायाचित्र, खाली एकच शब्द: लिंबू. अमेरिकन बोलीत सदोष मालाला लिंबू म्हणतात. नुसता शब्द वाचला तर फळ आठवेल, नुसते चित्र पाहिले तर चांगली गाडी दिसेल. दोन्ही एकत्र आले की वाचक दचकतो आणि खालचा मजकूर वाचू लागतो: ही गाडी एका बारीकशा डागासाठी तपासनिसाने नाकारली. इथे कोणी कोणाला बांधलेले नाही. दोघांमधल्या तणावात अर्थ उभा राहिला आहे.

आपल्या साहित्यशास्त्रात याला उत्तम परिभाषा आहे. कुंतकाने ‘वक्रोक्तिजीवित’ात शब्द आणि अर्थ यांच्या साहचर्याचे लक्षण सांगताना दोघांपैकी कोणी उणा नसावा आणि कोणी अधिक नसावा, दोघांनी सौंदर्यात एकमेकांशी स्पर्धा करावी, असे म्हटले आहे. जाहिरातीतल्या चित्र-शब्दांना हेच लक्षण जसेच्या तसे लावता येते. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’तला मार्कंडेय तर राजा वज्राला सांगतो की मूर्ती घडवायची तर चित्र कळले पाहिजे, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गीत. आणि गीतापाशी आले की संस्कृत-प्राकृताची, म्हणजे भाषेची चर्चा सुरू होते. चित्र भाषेच्या पलीकडचे आहे, ही कल्पना आपल्या परंपरेच्या या धाग्याला परकी आहे.

कतारचा विषय निघाला की मला मकबूल फिदा हुसेन आठवतात. १९१५ साली पंढरपुरात जन्मलेला हा चित्रकार तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवून पोट भरत होता. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व घेतले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दोह्याच्या एज्युकेशन सिटीत त्यांच्याच एका रेखाटनावर आधारलेल्या इमारतीत ‘लौह व कलम’ हे त्यांचे संग्रहालय उघडले. होर्डिंगच्या पटावर नटीचा चेहरा आणि सिनेमाचे नाव शेजारी शेजारी येतात आणि एकमेकांसाठी जागा सोडतात. अक्षराचा कल चेहऱ्याच्या कलावर ठरतो. हुसेन यांनी चित्रांवर कधी देवनागरीत, कधी उर्दूत सही केली आणि अक्षरांना चित्रात मानाने वागवले. ही शिकवण त्यांना त्या पटांवर मिळाली असावी, असा माझा तर्क आहे.

धंद्याची आजची रीत याच्या नेमकी उलट आहे. आखाती बाजारासाठीची कल्पना बऱ्याचदा इंग्रजीत सुचते, छायाचित्र त्या कल्पनेवर काढले जाते, आणि सगळे ठरल्यावर मथळा अरबी भाषांतरकाराकडे जातो. २०१९ च्या ७ क्रमांकाच्या कायद्याने कतारने अरबीला संरक्षण दिले, पण कायदा अरबी अक्षरे आणू शकतो, अरबीत विचार करायला लावू शकत नाही. परिणाम दिसतोच. इंग्रजी मथळा चित्राशी खेळत असतो आणि अरबी मथळा त्याच चित्राखाली नुसती माहिती देत बसतो. बिल बर्नबाखच्या एजन्सीत फोक्सवॅगनच्या जाहिराती झाल्या, कारण तिथे चित्र रचणारा हेल्मट क्रोन आणि मजकूर लिहिणारा ज्युलियन केनिग पहिल्या दिवसापासून एकत्र काम करत होते. दोह्यात त्या बैठकीत अरबी लेखक पहिल्या दिवसापासून बसला पाहिजे, आणि जाहिरात ‘गल्फ माध्यमम्’साठी असेल तर मल्याळम लेखकही.

खर्च वाढेल, हा यावर नेहमीचा आक्षेप. पण खर्च कुठे होतो ते पाहावे. छायाचित्रणाचा एक दिवस म्हणजे स्टुडिओ, मॉडेल, प्रकाशयोजना, कपडेपट, जेवणखाण. लेखकाचे मानधन त्यापुढे किरकोळ असते. अरबी मांडणी शेवटी सुरू झाली आणि तेव्हा कळले की कुटुंब डाव्या हाताने खजूर खाते आहे, तर तो सगळा दिवस पुन्हा करावा लागतो. अरबी लेखक सुरुवातीलाच तिथे असता, तर कॅमेरा लावण्यापूर्वीच त्याने सांगितले असते की या पानावर नजर उजवीकडून येणार आहे, आजोबांना तिकडे बसवा.